मॅक्झिमम म्हणजे किती हो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं नव्याने राहायला आलं. दोघंही नोकरी करणारे, घर कर्जावर घेतलेलं. शेअर सर्टिफिकेट नावावर करून घ्यायला त्यातली मुलगी एका रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे मीटर रूमच्या शेजारची, एका वेळी चार माणसं मावतील एवढी खोली. मी तेव्हा खजिनदार होते. सेक्रेटरींनी पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून तिच्यापुढे सरकवले : प्रवेश फी १००, हस्तांतर फी ५००, प्रीमियम २५,०००.

"काका, हे पंचवीस हजार कसले?"

"सरकारी नियम आहे, बेटा."

"पण नियमात मॅक्झिमम पंचवीस हजार आहे ना?"

"मग! मॅक्झिमम पंचवीसच. वर एक रुपया घेत नाही आपण."

सेक्रेटरी लबाडी करत नव्हते, हे आधी सांगते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही. मी पावतीपुस्तकात कार्बन घालून तयारच बसले होते. तिने तेवढ्याच शांतपणे विचारलं, "मॅक्झिमम म्हणजे किती हो, मग? तुमच्या सभेने किती ठरवलंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतिवृत्ताची वही काढली, मागची पंधरा वर्षं चाळली. वॉचमनच्या गणवेशाचा ठराव होता, गच्चीवर पापड वाळत घालण्याचा होता. प्रीमियमचा नव्हता.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 'पेक्षा लहान किंवा बरोबर' हे चिन्ह फळ्यावर किती वेळा काढलं असेल, मोजदाद नाही. त्यातलं 'पेक्षा लहान' आम्ही सोसायटीच्या ऑफिसात कधी गाळून टाकलं, ते कळलंच नाही. शेवटी मुलीने पूर्ण पैसे भरले. बँकेला सर्टिफिकेट दाखवायचं होतं, वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता. पावती मीच फाडली. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात भुणभुणतो आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मॅक्झिमम, लिमिट, कॅप, सीलिंग, अपटू. दिवसभरात हे शब्द आपण कितीदा ऐकतो! मराठीत या सगळ्यांना मिळून 'कमाल' हा एक चांगला शब्द आहे. अरबीतून आलेला, मूळ अर्थ पूर्णत्व. आपण तो दोन ठिकाणी वापरतो, एक 'कमाल आहे तुमची' म्हणताना आणि दुसरा हवामानाच्या बातमीत. सांताक्रूझला कमाल तापमान ३४, किमान २३ असं वाचल्यावर दिवसभर ३४ राहणार असं कोणी समजत नाही. दुपारी कधीतरी पारा तिथवर चढेल, बाकी वेळ खालीच, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. पण तोच शब्द पैशाच्या कागदावर आला की आपली समजूत बदलते. तिथे कमाल हाच दर होऊन बसतो.

माझं एवढंच सांगणं आहे की, कुठल्याही कागदावर मॅक्झिमम दिसलं की आधी विचारा, हे कोणाचे हात बांधतंय? मागणाऱ्याचे की देणाऱ्याचे? मागणाऱ्याचे बांधत असेल, तर तो आकडा तुमच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याच्या खाली घासाघीस करायला जागा आहे. देणाऱ्याचे बांधत असेल, तर तो आकडा म्हणजे तुम्हाला दिलेला शब्द नव्हे. तेवढे मिळतील असं धरून चालू नका.

सगळ्यात साधं उदाहरण बिस्किटाच्या पुड्याचं. एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. ती दुकानदाराचे हात बांधते. त्याने वर घ्यायचे नाहीत, थंड पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंगचे दोन रुपये' हेही नाही. खाली मात्र तो कितीही देऊ शकतो. आमच्या आईच्या पिढीत वाण्याकडे महिन्याचं सामान भरताना यादीच्या शेवटी 'किती सोडताय?' असं विचारायची रीत होती. छापील किमतीने ती मोडली. आकडा छापलेला आहे म्हटल्यावर विचारायचंच काय, अशी आपली सवय झाली. रिक्षाचं याच्या उलट. १ फेब्रुवारी २०२५ पासून मीटर २६ रुपयांवर पडतो, ते किमान भाडं. घाटकोपर स्टेशनवरून चार पावलांवर उतरलात तरी २६. तिथे खाली जागा नाही, पुड्यावर आहे. हा फरक पोराबाळांना समजावून सांगा. एमआरपीच्या वर कोणी मागितलं तर बिल घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एक खोच आहे. हॉटेलात टेबलाशी बसून घेतलेल्या बाटलीला हा न्याय लागत नाही. तिथे पाण्यासोबत सेवाही विकली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे.

आता सोसायटीकडे वळते. माझं दुखणं तिथलंच आहे.

प्रीमियमवर मर्यादा आली ती मनाला येईल तो आकडा मागणाऱ्या सोसायट्यांमुळे. ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाने महानगरपालिकेच्या हद्दीत २५,००० रुपयांची कमाल घातली. लहान नगरपालिका, ग्रामपंचायत असं खाली जाल तसा आकडा उतरतो, ग्रामपंचायतीत तो ५,००० आहे. म्हणजे हात बांधले सोसायटीचे. त्या मर्यादेच्या आत किती घ्यायचे, ते सर्वसाधारण सभेने ठराव करून ठरवायचं. सभेने रीतसर २५,००० ठरवले तर तेही नियमात बसतं, माझी तक्रार नाही. पण ठराव न करता 'सरकारी दर' म्हणून घेणं वेगळं. वर डोनेशन, बिल्डिंग फंड, गणपतीची वर्गणी या नावांनी घर विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला अडवणं तर नाहीच नाही. आणि वडील गेल्यावर घर मुलाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर होतं, तेव्हा हा प्रीमियम लागतच नाही. आमच्याच ऑफिसात एका विधवा वहिनींना कोणीतरी तो भरायला सांगितला होता. तो माणूस मी नव्हते, एवढंच समाधान.

दुसरी मोठी गंमत बिगर-वापर शुल्काची, ज्याला सगळे 'नॉन-ऑक्युपन्सी' म्हणतात. घर भाड्याने दिलं की हे लागतं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आकडा दहा, सगळ्यांना तोंडपाठ. कशाचे दहा टक्के, तिथे गडबड. तुमचं मेंटेनन्सचं बिल हातात घ्या. त्यात पालिकेचा कर आहे, पाणीपट्टी आहे, सिंकिंग फंड आहे, दुरुस्ती निधी आहे. यातलं काहीही सेवा शुल्क नव्हे. वॉचमन आणि सफाईवाल्याचा पगार, ऑफिसचा खर्च, छपाई-टपाल, ऑडिटची फी, जिन्यातल्या दिव्यांचं बिल, हे सेवा शुल्क. समजा एकूण बिल ४,८०० आणि त्यात सेवा शुल्क १,९००. तर कमाल १९० रुपये. अख्ख्या बिलावर दहा टक्के लावले की होतात ४८०. महिन्याला २९० जादा, वर्षाला ३,४८०. इथे दहाचा आकडा कोणी ओलांडलेला नाही, खालची जमीनच सरकवली आहे. म्हणून मर्यादा विचारताना 'किती'च्या आधी 'कशावर' विचारा. घरात तुमचीच माणसं राहत असतील, अगदी लग्न झालेली मुलगी राहत असेल, तरी हे शुल्क लागत नाही. बोरिवलीतल्या माझ्या एका मैत्रिणीने लेक-जावयाच्या घरासाठी चार वर्षं ते भरलं. बिलावर आलं म्हणून भरलं.

थकबाकीवरचं व्याजही तसंच. उपविधीत साधं व्याज, सालाना जास्तीत जास्त २१ टक्के. कितीतरी सोसायट्यांच्या बिलाखाली थेट २१ छापलेलं असतं, जणू मधले आकडे सरकारने रद्द केलेत. थकवणाऱ्यांचा मला पुळका नाही, खजिनदारीत त्यांनी मला रडवलंय. तरी दर सभेने ठरवायचा असतो, छापखान्याने नव्हे.

'सीलिंग' या शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण आपल्या उपनगरांचा त्याच्याशी जुना संबंध आहे. आजच्या मुलांना सीलिंग म्हटलं की पीओपी आठवतं. कोविडमध्ये पालिकेने इमारतींना पट्ट्या लावल्या तेही सीलिंगच, मराठीत दोन्ही सारखंच लिहितो. पण माझ्या वडिलांच्या तोंडी 'सीलिंगमध्ये गेली' म्हणजे जमीन गेली. गावाकडे कमाल शेतजमीन धारणेचा कायदा १९६१ चा. पुढे त्यात मर्यादा खाली आणल्या, बारमाही बागायतीला १८ एकर, कोरडवाहूला ५४. शहरात १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याला बिल्डरपासून तलाठ्यापर्यंत सगळे 'यूएलसी' म्हणत. मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर. जास्तीची जमीन सरकारने घ्यायची, तिथे परवडणारी घरं व्हायची, असा हेतू. मुलुंड, भांडुप, अंधेरीत तेव्हा मोकळी जमीन भरपूर होती. प्रत्यक्षात कायद्यातल्या सवलतीच्या कलमांतून बरंच काही निसटलं. पवईत सरकारने बिल्डरशी केलेल्या १९८६ च्या करारात घरं ४० आणि ८० चौरस मीटरची बांधायची होती. पुढे ती जोडून मोठी केल्याची तक्रार थेट उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने लहान घरं बांधायला सांगितली. केंद्राने हा कायदा १९९९ मध्येच रद्द केला होता, महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ ला. माझ्या मते हेतू खोटा नव्हता. पण मर्यादा घालून सरकार घरी गेलं, पहाऱ्याला कोणी थांबलं नाही. पहारा नसला की भिंत पाडायला एक हातोडा पुरतो.

उलट उदाहरण हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्यांना 'सीलिंग प्राइस' लावली, साध्याला ७,२६०, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये. त्याआधी लाखाच्या घरातली बिलं मी पाहिली आहेत. तेव्हा मर्यादा नेहमीच कागदी असते असं नाही.

इथवर मागणाऱ्याचे हात बांधणाऱ्या मर्यादा सांगितल्या. आता दुसऱ्या जातीच्या, ज्या देणाऱ्याला वाचवतात. इथे मी स्वतः हात पोळून घेतले आहेत.

माझ्या मिस्टरांचं अंधेरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. पॉलिसी पाच लाखांची. कागदावर लिहिलेलं, रूम रेंट विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. भरती होताना ५,००० ची खोली रिकामी नव्हती, ८,००० ची होती. डेस्कवरच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, रूमला कॅप आहे, वरचा फरक तुमचा." मी मनात हिशोब केला : चार दिवस, रोजचे तीन हजार, बारा हजार. ठीक आहे, माणूस बरा होऊ दे.

डिस्चार्जच्या दिवशी ६०,००० भरायला सांगितले.

बिल २,४०,००० चं होतं. खोलीचे ३२,००० झाले, त्यातले २०,००० मिळाले, इथवर माझा हिशोब बरोबर. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२८,००० होते. त्यांनाही पाचाला आठने भागून आलेलं प्रमाण लावलं, हातात आले ८०,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे ८०,००० पूर्ण मिळाले, कारण त्यांवर अशी कपात करायची नाही असा नियम आहे. म्हणजे कॅप खोलीला होती, पण तिची दोरी निम्म्याहून अधिक बिलाला बांधलेली होती. कारण असं की, बऱ्याच हॉस्पिटलांत खोली महाग घेतली की त्याच डॉक्टरचा त्याच ऑपरेशनचा दरही चढतो. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. हे सगळं मला घरी आल्यावर कळलं, पॉलिसीचं अकरावं पान वाचून. तीस वर्षं गुणोत्तर-प्रमाण शिकवलेल्या बाईला ते वर्गात नाही, बिलिंग काउंटरवर समजलं.

तेव्हा आजच कपाटातली पॉलिसी काढा. रूम रेंटची मर्यादा आहे का बघा. असेल तर भरती होताना त्या मर्यादेतली खोलीच मागा, ती रिकामी नसेल तर 'खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलतात का' हे आधी विचारा. नूतनीकरणाच्या वेळी थोडा जास्त हप्ता भरून ही मर्यादाच काढता येत असेल तर काढून टाका.

बँकेचंही थोडक्यात सांगते, कारण आपल्या उपनगरांनी ते सोसलंय. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. बँकेचं मुख्यालय भांडुपला. पहिली मर्यादा होती खात्यामागे १,००० रुपये, सहा महिन्यांत. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना औषधाच्या दुकानात उधारी सांगावी लागली. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. तेव्हा ठेव विमा १ लाखाचा होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाखांचा झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि शाखांबाहेर पुन्हा त्याच रांगा.

'पाच लाखांपर्यंत' यातला 'पर्यंत' नीट ऐका. त्या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. ४,९०,००० ठेवलेत आणि व्याज चढून ५,१०,००० झाले, तर विम्याचे पाचच. दुसरं, ही मर्यादा एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवींना मिळून आहे. पाच लाख मुलुंड शाखेत, पाच लाख घाटकोपर शाखेत असं विभागून आपण फार शहाणपणा केला असं कितीतरी ज्येष्ठ नागरिक समजतात. शाखा दोन, बँक एकच, विमा एकदाच. विभागायचंच तर वेगवेगळ्या बँकांत विभागा. आणि निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. उद्या सकाळी मिळतील असं नाही.

सेलच्या पाटीवरचं 'अपटू ५०%' याच जातीचं. तिथे दुकानदाराने स्वतःच्या उदारपणाला मर्यादा घातलेली असते. पन्नासची सूट एका कोपऱ्यातल्या, कोणाच्याच मापाच्या नसलेल्या शर्टांना. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

एका ठिकाणची मर्यादा मात्र घासाघिशीची नाही, तीही सांगते. तुमच्या लिफ्टमधली पत्र्याची पाटी वाचा. ६ व्यक्ती, ४०८ किलो. माणशी ६८ किलो धरलेत. आमच्या इमारतीत माणशी ६८ भरणारे आता कमीच, त्यात प्रत्येकाच्या हातात पिशव्या. 'ॲडजस्ट करा' म्हणत सातवा आत शिरतो. गंमत बघा, जिथे खाली यायला हवं तिथे आपण छताला चिकटून राहतो, आणि जिथे छताच्या आत राहायलाच हवं तिथे सातवा माणूस घेतो.

तर आता काम. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हव्यात. तुमच्या सभेची नोटीस येईल, दारात खोचलेली किंवा व्हॉट्सॲपवर. ती वडे-चहाचं निमंत्रण समजून बाजूला ठेवू नका. जाताना मागच्या महिन्याचं बिल घेऊन जा आणि उभं राहून विचारा, प्रीमियम किती, कोणत्या तारखेच्या ठरावाने? नॉन-ऑक्युपन्सी बिलातल्या कोणत्या ओळींवर? व्याज किती, आणि कोणी ठरवलं? आवाज चढवू नका. समितीवरची माणसं बिनपगारी असतात, त्यातली निम्मी माझ्यासारखी, नियम माहीत आहे अशा समजुतीत बसलेली. वही उघडायला लावा, एवढं पुरे.

आमच्या सभेत मीच विषय मांडला. दीड तास चर्चा झाली. एक काका म्हणाले, "पेंटिंग यायचंय, मॅक्झिममच ठेवा." दुसरे म्हणाले, "माझं घर विकायला काढलंय, शून्य ठेवा." शेवटी हात वर करून १०,००० ठरले. सेक्रेटरींनी ठराव वहीत लिहिला, सूचक-अनुमोदकांची नावं घातली, आणि चहा आला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने हात वर केला. "मग माझे पंधरा हजार?"

तो विषय या वर्षीच्या नोटिशीत आहे. सहाव्या क्रमांकाला. मी स्वतः टाईप केलाय.